दारूने बिघडलेलं यकृत आणि सॅम-ई: आणखी एक चाचणी हवी का?

रानवारा: दारूमुळे सिऱ्होसिस (यकृत कायमचं घट्ट, व्रणांनी भरलेलं होणं) झालेल्यांसाठी सॅम-ई या पूरकाची मोठी चाचणी व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. हा पदार्थ शरीर मेथिओनिन या अमिनो आम्लापासून स्वतःच बनवतं, मुख्यतः यकृतात. यकृत आजारी पडलं की ते काम मंदावतं, पेशींचं रक्षण करणारं ग्लुटाथायोनही घटतं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या चाचणीत १२३ रुग्णांना दोन वर्षं रोज १२०० मिलिग्रॅम सॅम-ई किंवा प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) दिला गेला. मृत्यू किंवा प्रत्यारोपणाची वेळ आली प्लासिबो गटात ३० टक्क्यांवर, सॅम-ई गटात १६ टक्क्यांवर. एवढं दिसल्यावर विषय सोडून कसा देता येईल?

काठावरचा: असहमत. सगळे रुग्ण धरले तर तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नव्हता. सर्वात गंभीर, म्हणजे चाइल्ड सी वर्गातले वगळले तेव्हा उतरला. आधीच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २००६ च्या कॉक्रेन आढाव्यालाही या औषधाच्या बाजूने किंवा विरोधात ठोस काही सापडलं नाही.

रानवारा: विरोधातही सापडलं नाही, हेच तर म्हणतोय! प्रश्न उघडा आहे.

सांजदिवा: लेसिथिनचं काय झालं ते आठवा. सोयाबीनपासून काढलेल्या त्या घटकाने बबून माकडांत यकृताचं फायब्रोसिस (व्रण साठत जाणं) रोखलं होतं. मग अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ७८९ जणांवर दोन वर्षं चाचणी झाली. निकाल २००३ मध्ये आला: प्लासिबोपेक्षा काही फायदा नाही. पण दोन्ही गटांचं पिणं रोजच्या सरासरी सोळा ड्रिंक्सवरून अडीचवर आलं होतं. नियमित भेटी आणि समुपदेशन यांनी जे साधलं, ते गोळीने साधलं नाही. पैसा तिथे घाला.

ओलीमाती: सांजदिवा यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्या घरात हा आजार आहे. पूरकाची बाटली आली आणि माणूस म्हणायला लागला, "यकृताची गोळी चालू आहे ना, मग थोडी घेतली तर काय बिघडतं?" पोटात पाणी झालं तरी तेच. चाचणीची नुसती बातमी आली तरी अशा घरांत ती परवानगी ठरते, हे चाचणी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

रानवारा: ओलीमाती, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. पण बाटल्या आजही विनापुरावा विकल्या जातातच. नीट चाचणी झाली आणि उत्तर "नाही" आलं, तर त्या गोळीवरचा विश्वास तरी उडेल. माझ्या अटी सांगतो: दोन्ही गटांना सारखे व्यसनमुक्ती उपचार; पिणं थांबलं का हे तोंडी न विचारता रक्तातल्या पीईटीएच तपासणीने बघायचं; आणि यश मोजायचं ते जगण्या-मरण्यावर, रक्तातलं एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम उतरलं यावर नाही. चाइल्ड ए आणि बी, म्हणजे कमी गंभीर रुग्णांचा गट आधीच जाहीर करायचा, मागाहून निवडायचा नाही.

काठावरचा: या अटींवर माझा चाचणीला विरोध नाही. तोवर रुग्णाला सॅम-ई लिहून देण्याला मात्र आहे, आणि तो राहील.

सांजदिवा: माझा चाचणीलाही आहे. तेवढ्या खर्चात किती समुपदेशक नेमता येतील, याचा हिशोब आधी मांडा.