चेहऱ्याची आग, लाली, पुरळ: ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहा

टिळकवाडीची_अक्का
परवा अनगोळात भाचीची हळद होती. हळद लावून झाली, पोरीने तोंड धुतलं आणि दोन्ही गाल, नाकाचा शेंडा, हनुवटी अशी तापली की मांडवातल्या बायका म्हणाल्या, "बघा, नवरीला तेज आलंय!" ती माझ्या कानात म्हणाली, "मावशी, आग होऊलीय गं, मिरची चोळल्यागत." आत नेऊन ओला पंचा गालावर धरला. तिच्या पर्समधली ट्यूब बघितली आणि माझ्या पोटात गोळाच आला.

2004 साली माझं हेच. उन्हातून आले, गरम चहा घेतला, सासऱ्यांसमोर उभं राहायची वेळ आली की चेहरा भडकायचा. सगळे म्हणायचे लाजरी आहे. मी सावळी, त्यामुळे लाल असं दिसायचंच नाही, काळपट तांबूस दिसायचं. शेजारणीने मेडिकलमधून ट्यूब आणून दिली. चार दिवसांत गाल काचेसारखे. दीड वर्षं लावली. बंद केली की तिसऱ्या दिवशी फोड आणि सूज, की परत तीच ट्यूब.

शेवटी हुबळीला दाखवलं. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं, मला कन्नड तोडकंमोडकं. एवढंच म्हटलं, "मुख उरीतैति री", म्हणजे तोंडाची आग होतेय. त्या 'उरी' शब्दावर त्यांनी मान वर केली. काचेची पट्टी गालावर दाबली. पट्टीखालचा रंग गेला, उचलली तसा भरून आला. म्हणाल्या, मुरमं असती तर काळी टोकं दिसली असती, इथे एकही नाही. हा रोझेशिया आहे, म्हणजे चेहरा वारंवार लाल होऊन भडकणारा कातडीचा आजार, आणि वर ट्यूबमधल्या स्टिरॉइडने कातडी पातळ केलीय.

तुमचं लिहा. भाचीला वाचायला देणार आहे.

मंडेवाल्यांची_लेक
आईचं. पन्नास वर्षं मंडे करते. पुरी दोन्ही हातांवर ताणून पालथ्या खापरावर टाकायची म्हणजे तोंड आगीच्या समोरच. गालांवर लाल बारीक शिरांचं जाळं झालंय. आम्हाला वाटायचं चुलीने भाजतं, सगळ्यांचंच होतं. पण शेजारी बसणाऱ्या मामींचं काहीच नाही ना! डॉक्टर म्हणाले धग हे कारण नाही, आधीच नाजूक असलेल्या कातडीला ती डिवचते. आता टेबलफॅन बाजूला लावतो (ज्वाळेवर वारा जाऊ नये म्हणून तिरका), मधे मधे उठवतो, गार पाण्याचा फडका देतो. उठत नाही ती गोष्ट वेगळी.

निपाणी_बाई
डोळ्यांचं कोणीच कसं बोलत नाही? वर्गात फळ्याकडे बघताना डोळ्यात वाळू गेल्यागत व्हायचं. दोन वर्षं नुसते थेंब. लोक म्हणत गावात तंबाखूची धूळ, दुसरं काय. गालांची लाली आणि डोळे एकाच दुखण्याचे हे कळलं तेव्हा पापण्या शेकायच्या, कडा पुसायच्या असं सुरू झालं. ज्यांचे गाल लाल त्यांनी डोळेही दाखवा, हात जोडून सांगते.

संकेश्वरचा_पावणा
मला डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय. संकेश्वरात राहून! आमच्या मिरचीचं नाव अख्ख्या मुलुखात, आणि मी दहीभात खातोय.

निपाणी_बाई
@पावणा सगळ्यांना तिखट बाधतंच असं नाही हो. वहीत लिहा, काय खाल्लं, कुठे गेलात, कधी भडकलं. माझं तिखटाने काही होत नाही, ऊन आणि जागरण नडतं. चहासुद्धा कोमट करून पिते.

संकेश्वरचा_पावणा
बाई देव तुमचं भलं करो, आजच वही आणतो.

वडगाव_माग
बाप्यांनाही होतं. मी माळकरी, तुळशीची माळ गळ्यात, दारूचा थेंब कधी शिवला नाही. नाक लाल झालं, मग जाड व्हायला लागलं, खरबरीत. मागावरचे लोक मागून बोलायचे, रात्री घेतो म्हणून. मुलीच्या सोयरिकीत पावण्यांनी तेच विचारलं. त्या दिवशी मी वारीत चालताना जेवढा रडलो नाही तेवढा घरी रडलो. नाक जाड होणं पुरुषांत जास्त आणि त्याला दारू लागत नाही, हे डॉक्टरांनी बायकोसमोर सांगितलं. वाढलेली कातडी तासून काढली. मुलगी आता सुखात आहे. माऊली.

टिळकवाडीची_अक्का
अण्णा, वाचून डोळे भरले.

कांग्राळीची_सून
नमस्कार अण्णा 🙏

मेडिकलवाला_खानापूर
काउंटरवर रोज कोणीतरी 'गोरं व्हायची ट्यूब' मागतं. 2018 मध्ये सरकारने 14 स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं, तरी लोक भांडतात. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला नको. आणि अक्का, भाचीने महिनोन्महिने लावली असेल तर मनाने एकदम फेकू नका, बंद केल्यावर जोरात उसळतं. डॉक्टरांच्या देखरेखीत सोडवा.

कांग्राळीची_सून
सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा लावला तेव्हा मलाही असंच झालं होतं. देवीचा भंडारा म्हणून पुसायचा जीव होईना. आता कपाळाला टिकलीएवढा लावते, आई समजून घेते. कुणी जाणार आहे का पुनवेला? गाडीत दोन जागा आहेत.

हिंडलगा_७७
गालावर लाल म्हणजे सगळं रोझेशियाच असं धरू नका. माझ्या धाकट्या बहिणीला फुलपाखरासारखं उठलं, नाकाशेजारच्या घड्या मात्र कोऱ्या. सोबत सांधे दुखायचे, तोंड यायचं, केस गळायचे. रक्त तपासलं, ल्युपस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. आम्ही सहा महिने चंदन लावत बसलो होतो.

मंडेवाल्यांची_लेक
अगं बाई. आता कशी आहे?

हिंडलगा_७७
बरी आहे. गोळ्या चालू, शिवणक्लास परत उघडला.

शहापूर_पैठणी
हे लागट आहे का हो? सासूबाई माझा टॉवेल वेगळा ठेवतात.

निपाणी_बाई
अजिबात लागट नाही. कातडीवरचे सूक्ष्म किडे, डेमोडेक्स, याच्याशी जोडतात, पण ते बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर असतात, सासूबाईंच्याही. आपल्या चेहऱ्यावर त्यांची गर्दी जास्त, इतकंच. टॉवेल एकत्र वाळत घाला.

टिळकवाडीची_अक्का
मला कशाने बरं वाटलं ते सांगते. मेट्रोनिडॅझोल जेल, मग आयव्हरमेक्टिन क्रीम, सगळं चिठ्ठीवर. दोन महिने धीर धरला तेव्हा फरक कळला. बेसन, लिंबू, स्क्रब बंद. कोमट पाणी, साधं मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, कमीत कमी एसपीएफ 30. नवीन काही आणलं की आधी कानामागे लावून चार दिवस बघायचं. पूर्ण जात नाही हे, पण आटोक्यात राहतं. मी आता बिनधास्त फोटो काढते.

मेडिकलवाला_खानापूर
भाचीचं नवीन लग्न आहे म्हणून एक सांगतो. यावर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्याही देतात. दिवस राहायचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला सांगा, गरोदरपणात त्या चालत नाहीत.

टिळकवाडीची_अक्का
बरं झालं बोललात, हे माझ्या ध्यानात नव्हतं. शनिवारी नेतेय तिला. ट्यूब पिशवीत घालून ठेवलीय, दाखवायला. पाचपरतावणं रविवारी आहे. @मंडेवाल्यांची_लेक आईला विचार गं, पंचवीस मंडे जमतील का? घाई नाही, फॅन लावून सावकाश करू देत.

मंडेवाल्यांची_लेक
विचारलं. म्हणते पन्नास सांगा, चूल पेटलीच आहे तर.