गाडी तापली की सेल्फ घेत नाही, हीट शील्ड लावू का?

वाळवंटी_पाव्हणा:
मंडळी, फिनिक्सला असतो, जुनी शेवी सी-१० पिकअप आहे, ३५० क्यूबिक इंचाचं इंजिन, आधीच्या मालकाने हेडर्स (धूर बाहेर नेणाऱ्या जास्तीच्या नळ्या, मूळच्या मॅनिफोल्डऐवजी) टाकलेत. सकाळी एका चावीत सुरू होते, पण पेट्रोल भरायला थांबलो की संपलं, कधी नुसतं टक्, कधी तेही नाही, आणि अर्ध्या तासाने परत काही झालंच नाही अशी फिरते. हेडरची एक नळी सेल्फला इतकी लागून गेलीय की मध्ये बोट जेमतेम जातं, मूळ पत्र्याचं शील्ड गायब आहे. ते गुंडाळायचं चंदेरी कापड मिळतं ते लावून भागेल का? ड्राइव्हवेतच करायचंय.

पाना_हातोडी:
शील्ड नंतर रे, आधी मल्टीमीटर काढ. गाडी नखरे करत असतानाच, म्हणजे गरमच, एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर, नि कुणालातरी चावी मारायला सांग. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर केबल गेलीय, मग कितीही कापड गुंडाळ. टक् पण येत नाही तेव्हा जांभळ्या वायरवर व्होल्टेज बघ, ती इग्निशन स्विचकडून सॉलेनॉइडला (सेल्फवरचा विजेचा स्विच) येते आणि जुन्या गाड्यांत तिथेच व्होल्टेज गळतं. तांबं १०० डिग्रीने तापलं की रेझिस्टन्स साधारण ४० टक्के वाढतो, त्यामुळे गार असताना कसंबसं चालणारं गरम झालं की मान टाकतं.

गॅरेजवाला_आप्पा:
बरोबर, पण नळी एवढी जवळ आहे म्हणजे शील्ड लागणारच. बॅटरीची मायनस आधी काढा, सेल्फवरची जाड केबल थेट बॅटरीची असते, पाना चॅसीला टेकला की फटाके. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, स्टँड लावा. सेल्फ खालून दोन बोल्टवर असतो आणि चांगला जड असतो, शेवटचा बोल्ट सोडताना एक हात खाली धरा, नाहीतर थेट छातीवर. वर शिम (पातळ पत्र्याची चकती) निघाली तर जशी होती तशीच परत टाका, आणि बोल्ट मूळचेच, त्यांच्या मानेवरच्या रेघांनीच सेल्फ जागेवर बसतो, हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट टाकलात तर दात घासणार. कापडाची चंदेरी बाजू बाहेर, सॉलेनॉइड पूर्ण झाकायचा पण टर्मिनल मोकळी ठेवायची, तो चंदेरी थर ॲल्युमिनियमचा आहे, बोल्टला टेकला तर शॉर्ट. टाय (बांधायच्या पट्ट्या) स्टीलच्याच, प्लॅस्टिकच्या हेडरजवळ वितळतात.

टर्बो_तात्या:
मी तर म्हणतो गुंडाळाय-बिंडाळायच्या भानगडीत पडूच नका, गियर रिडक्शनवाला (आत गियर असलेला) मिनी सेल्फ घ्या, आकाराने लहान त्यामुळे नळीपासून आपोआप लांब राहतो. फक्त फ्लायव्हील (सेल्फ ज्या दातेरी चाकाला फिरवतो ते) १५३ दातांचं की १६८ चं ते बघून मागवा, दोघांच्या बोल्टची जागा वेगळी असते. आणि हो, टायमिंग जास्त ॲडव्हान्स (ठिणगी फार लवकर पडते) असेल तरी गरम इंजिन असंच अडखळत फिरतं, ते बघायला पैसे पडत नाहीत.

वाळवंटी_पाव्हणा:
मोजलं. प्लस बाजूला १.३ व्होल्ट पडतायत! केबलचं टोक सोलून बघितलं तर आत हिरवंगार. बायको चावी मारता मारता विचारत होती हे अजून किती वेळ. आता केबल बदलतो, सेल्फ खाली आलाच आहे तर शील्डही लावतो. किती गेजची घेऊ?

पाना_हातोडी:
२ गेजपेक्षा बारीक नको, बॅटरी लांब असेल तर १/० (त्याहून जाड) घे. आणि नवी केबल नळीवरून नेऊ नकोस, क्लिपने ब्लॉकला धरून आण.