क्विझ अ‍ॅपवर मुलं प्रश्न न वाचताच बटण दाबतात. अ‍ॅप बदलायचं की पद्धत?

गणित_सातवी: 42 मुलं, 14 टॅबलेट. तासाच्या शेवटी कहूटवर दहा प्रश्न घेते. आरडाओरडा भरपूर, पण आकडेमोड कुणीच करत नाही. मागे पडलेली मुलं तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला सोडूनच देतात. काय बदलू?

खडू_फळा: मॅडम, आधी गुणांचा हिशोब बघा. बरोबर उत्तराला जास्तीत जास्त 1000, अगदी शेवटच्या क्षणी दिलं तर 500. चुकलं तर शून्य, वजा काहीच नाही. मग अंदाजपंचे दाबणंच परवडतं! 20 सेकंदांच्या प्रश्नात 15 सेकंद विचार केला तर 625 गुण मिळतात. तोच प्रश्न 90 सेकंदांचा ठेवला तर साधारण 917. म्हणून आकडेमोडीला वेळ वाढवा, किंवा त्या प्रश्नाचे गुणच बंद करा. एका टॅबलेटवर तिघं बसवा आणि दर प्रश्नाला टॅबलेट पुढच्याच्या हातात द्या. नाहीतर एकटा खेळतो, दोघं बघतात.

भौतिक_प्रयोग: दहा प्रश्न फार झाले, तीन पुरे. हार्वर्डचे एरिक मेझर 1990च्या दशकापासून भौतिकशास्त्रात वापरतात ती रीत घ्या. आधी प्रत्येकाने न बोलता उत्तर द्यायचं. निकाल आणि आलेख दाखवायचा नाही. साधारण 30 ते 70 टक्के बरोबर असतील तर वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला दोन मिनिटं पटवू द्या, मग पुन्हा मत घ्या. त्याहून कमी असतील तर चर्चा व्यर्थ, मुद्दा परत शिकवा. सगळी मदार चुकीच्या पर्यायांवर आहे: 1/2 + 1/3 ला 2/5 ठेवलं की अंश-छेद वेगवेगळे मिळवणारी मुलं लगेच कळतात. 7/9 सारखा उगाच टाकलेला पर्याय काहीच सांगत नाही.

रिमोट_हरवला: या रीतीला प्रत्येकाचं स्वतंत्र मत लागतं, ते 14 टॅबलेटवर जमणार नाही. प्लिकर्स वापरा: प्रत्येकाला काळ्या नक्षीचं वेगळं छापील कार्ड, त्याच्या चार बाजूंना A, B, C, D; उत्तराची बाजू वर धरायची, तुमचा एक फोन सगळी टिपतो. अक्षरं बारीक असल्याने नक्कल अवघड. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड परावर्तित होऊन कॅमेरा चुकतो. काळ्या नक्षीवर बोट आलं तरी कार्ड वाचलं जात नाही. आणि कार्ड उचलण्याआधी वहीत एक पायरी लिहायला लावा. पायरी रिकामी असेल तर ते उत्तर धरू नका.