ड्र्युरी कोणाचे? शेतकऱ्यांचे की साऱ्या प्रांताचे?

शिवार : कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात १९१९ साली शेतकऱ्यांच्या संघटनेने सर्वाधिक जागा जिंकल्या आणि क्राउन हिलचे शेतकरी अर्नेस्ट ड्र्युरी मुख्यमंत्री झाले. १९२३ मध्ये सत्ता गेली, त्यांची स्वतःची हाल्टनची जागाही गेली. 'खुर्ची मिळाली आणि शेतकऱ्याला विसरले' हा ठपका मला अन्यायाचा वाटतो. कामगार पक्षाला सोबत घेतल्याशिवाय सरकारच बनत नव्हतं. त्यांनी निराधार मातांना भत्ता दिला, कामकरी स्त्रियांसाठी किमान वेतन मंडळ नेमलं, प्रांताची बचतपेढी काढली. यात शेतकऱ्याचं काय वाईट झालं?

नांगरट : वाईट झालं असं मी म्हणतच नाही. पण मतं कशापायी पडली होती? शेतकऱ्यांच्या पोरांना पहिल्या महायुद्धातल्या सक्तीच्या लष्करभरतीतून सूट देऊ, हा शब्द केंद्र सरकारने एप्रिल १९१८ मध्ये मोडला. मे महिन्यात, ऐन कामाच्या दिवसांत, हजारो शेतकरी ओटावाला गेले आणि रिकाम्या हाताने परतले. त्या संतापातून हे सरकार आलं. आणि ड्र्युरी म्हणू लागले, पक्षाची दारं सगळ्यांना उघडू! संघटनेचे सचिव जे. जे. मॉरिसन यांनी याला विरोध केला, तो बरोबरच होता. सगळ्यांचा झाला की तो लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या जुन्या दोन पक्षांसारखा तिसरा पक्ष. मग शेतकऱ्यांनी वेगळी चूल मांडली कशाला?

शिवार : मुख्यमंत्रिपद आधी मॉरिसन यांच्याकडेच आलं होतं. त्यांनी ते नाकारलं. जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि बाहेरून त्याचेच पाय ओढायचे, हे मला पटत नाही. नुसत्या शेतकऱ्यांच्या मतांवर तो प्रांत चालला नसता.

पाणंद : ड्र्युरी साधेसुधे शेतकरी होते असं धरून दोघंही बोलताय. त्यांचे वडील चार्ल्स हे प्रांताचे पहिले कृषिमंत्री, आणि हे स्वतः ग्वेल्फच्या कृषी महाविद्यालयाचे पदवीधर. राजकारण घरातच होतं. शिवाय दारूबंदीचं काय? ड्र्युरींच्या सरकारातले महाधिवक्ता रेनी यांनी ती इतक्या कडकपणे राबवली की शहरं बिथरली. म्हणजे दारं उघडायची म्हणता आणि शहरी मतदाराला दुखावता! १९२३ ला कॉन्झर्व्हेटिव्हांना ७५ जागा मिळाल्या, शेतकऱ्यांना १७.

नांगरट : दारूबंदीचा मुद्दा मान्य. एका कामाबद्दल मात्र मी ड्र्युरींना पूर्ण श्रेय देईन. सिमको भागात जंगलं तुटून उघड्या पडलेल्या, वाळू उडणाऱ्या जमिनीवर त्यांनी वनाधिकारी झाविट्झ यांच्यासोबत झाडं लावण्याचं काम उभं केलं. अशा जमिनीचं दुखणं शेतकऱ्यालाच कळतं. पण पक्षाबद्दल मी मॉरिसन यांच्याच बाजूने आहे. सतरा जागा राहिल्या, त्या घर सांभाळण्याआधी दारं उघडायची घाई केली म्हणून.