जुनी स्टीलची माउंटन बाइक उभी करू की वापरलेली कार्बन घेऊ? सल्ला हवा

दोनचाकी:
नमस्कार मंडळी. मामांची जुनी माउंटन बाइक माझ्याकडे यायची आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची, टांगे प्रेस्टिज (जपानी कंपनीच्या) नळ्यांची क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील) फ्रेम. पुढे सस्पेन्शन नसलेला साधा चिमटा, कॅन्टिलिव्हर (रिमवर घासणारे) ब्रेक, २६ इंची चाकं. रंग अजून सुरेख आहे. दुसरीकडे एक मित्र त्याची कार्बन फायबरची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) विकतोय. २९ इंची चाकं, पुढे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक.

माझा वापर म्हणजे सुट्टीच्या दिवशी जंगलातल्या पायवाटा, मुरमाचे रस्ते आणि अधूनमधून दगडगोट्यांचे उतार. शर्यतीत वगैरे उतरायचं नाही. एक जण सांगतो की स्टीलची सायकल 'जिवंत' वाटते, दुसरा सांगतो की कार्बन एकदा आपटली की भंगारात. यात खरं किती?

तिसरा_गिअर:
स्टील. डोळे मिटून. बाकी चर्चा चालू द्या.

फिरकी:
डोळे मिटून दगडगोट्यांच्या उतारावर जाणार असाल तर तिसरा_गिअर यांचं ऐका. :)

कार्बन नाजूक असती तर डाउनहिल विश्वचषकात उड्या मारणाऱ्यांनी ती कधीच फेकून दिली असती. तिथे ती वर्षानुवर्षं सर्रास चालते. चांगली कार्बन हार्डटेल फ्रेम साधारण एक-सव्वा किलोची, तुमच्या मामांची दोन किलोच्या आसपास असेल. मला विचाराल तर वजनाचा मुद्दा तरीही दुय्यम आहे. मित्राच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत. ओल्या चिखलात कॅन्टिलिव्हर ओढून बघा, मग बोलू.

वंगण:
दोन्ही बाजू धातू-बिगरधातूवर भांडतायत, पण दोनचाकी यांच्यासमोरची निवड खरं तर दोन काळांमधली आहे.

माउंटन बाइक जन्मली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत. १९३० च्या दशकातल्या बलून टायरच्या जड सायकली घेऊन पोरं डोंगरावरून खाली सुटायची. तिथली 'रीपॅक' शर्यत १९७६ ला सुरू झाली. उतार संपेपर्यंत मागच्या हबमधल्या (चाकाच्या मध्यभागातल्या) ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि हब ग्रीसने पुन्हा भरायला (इंग्रजीत 'रीपॅक' करायला) लागायचा, म्हणून हे नाव. १९७७ मध्ये जो ब्रीझने याच कामासाठी क्रोमोलीची फ्रेम बांधली. म्हणजे सुरुवातच उतारासाठी झाली होती. पुढे क्रॉसकंट्री शर्यतींनी सगळं चढाकडे ओढलं. तुमच्या फ्रेमच्या काळात हेड अँगल (चिमट्याच्या नळीचा जमिनीशी कोन) ७१ अंशांच्या आसपास आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) १३० मिमीचा असणं नेहमीचं होतं. अंगाचा भार पुढच्या चाकावर येतो. चढाला, वळणावळणाच्या सपाट वाटेला ही सायकल फार गोड चालते. तीव्र उतारावर मात्र चालवणारा हँडलवरून पुढे जाईल की काय, असं सतत वाटत राहतं. आजच्या हार्डटेलचा हेड अँगल ६५ ते ६८, स्टेम ५०-६० मिमी. हा फरक नळी कशाची आहे यावर अजिबात अवलंबून नाही.

आता 'जिवंत' प्रकरण. फ्रेमचा मागचा त्रिकोण उभ्या दिशेने इतका ताठ असतो की खड्ड्यात तो जेवढा दबतो त्याच्या कितीतरी पट टायर दबतो. दोन इंची टायर कडक फुगवून कार्बन चालवा आणि २.३५ इंची ट्यूबलेस कमी हवेवर ठेवून स्टील चालवा, किंवा उलट करा. मऊ टायरवालीच मवाळ वाटणार. आणखी एक गंमत: स्वस्त आणि महाग स्टीलचा ताठपणा जवळजवळ सारखाच. महाग स्टील जास्त ताण सोसतं, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते (तुमच्या डबल बटेड, म्हणजे टोकांना जाड, नळ्या मधोमध १ मिमीपेक्षाही पातळ आहेत). हलकेपणा आणि तो थोडासा लवचीकपणा त्या पातळपणातून येतो. नुसत्या 'स्टील' या स्टिकरला भुलू नका. जाड पाण्याच्या पाइपासारख्या स्टीलच्या सायकलीही भरपूर आहेत, त्यांना जिवंत म्हणणं जिवावर येतं.

काटकोन:
वंगण, वाचनखूण साठवली. एक शंका. जुन्या फ्रेमला नवीन १२० मिमीचा सस्पेन्शन चिमटा घालून हेड अँगल कमी करता येणार नाही का? एका दगडात दोन पक्षी.

वंगण:
नको. चिमट्याची उंची दर २० मिमी वाढली की हेड अँगल साधारण एक अंश पडतो, हे बरोबर. पण सोबत सीटही मागे कलते, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचा भाग) वर उचलला जातो, आणि लांब चिमटा तरफेसारखा हेडट्यूबच्या (चिमटा बसतो त्या पुढच्या नळीच्या) सांध्यावर ताण देतो. त्या पातळ नळ्या एवढ्यासाठी केलेल्या नाहीत. शिवाय हल्लीचे बहुतेक चिमटे खाली रुंद होणाऱ्या टेपर्ड नळीचे येतात, ते जुन्या हेडट्यूबमध्ये शिरतच नाहीत. मागे डिस्क ब्रेकची बैठक वेल्ड करून घेण्याचा मोहही टाळा. चेनस्टे (चेनलगतची मागची आडवी नळी) त्या ओढीसाठी बनलेला नाही.

स्टीलचा एक फायदा मात्र खराखुरा आहे. मागच्या चाकाच्या जागेची रुंदी १३० मिमी निघाली तर जाणकार कारागीर ती वाकवून १३५ करून देतो आणि जुन्या पद्धतीचा हब बसतो. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती जिथे टांगतात तो तुकडा, वाकला तर सरळ होतो. कार्बनशी असले खेळ चालत नाहीत. तिथे हँगर वेगळा बसवलेला असतो आणि नेमका त्याच मॉडेलचा मिळवावा लागतो. दोनचाकी, मित्राकडून सायकल घेतलीत तर सुटा हँगर आधी हुडका.

दोनचाकी:
माहितीचा खजिनाच उघडलात, धन्यवाद! आता दोन्ही सायकली समोर ठेवून तपासायचं ठरवलंय. नेमकं कुठे बघू?

फिरकी:
कार्बनचं मी सांगतो. पूर्ण धुऊन, उलटी करून उजेडात बघा. डाउनट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या) पोटाला दगड लागतात, चेनस्टेला चेन पडून चरे पडतात. नुसता रंग उडाला असेल तर सोडून द्या. चऱ्यात नख अडकत असेल किंवा धागे उसवलेले दिसत असतील तर थांबा. नाण्याने हलकेच ठोकत जा. टणटणीत आवाज मध्येच बद्द झाला तर आतले थर सुटल्याची शंका घ्या. जाडी बदलली तरी आवाज बदलतो, म्हणून डाव्या बाजूची उजवीशी तुलना करा. शंका राहिली तर अल्ट्रासाउंड तपासणी करणारे असतात आणि कार्बन दुरुस्तही होते. 'आपटली की भंगारात' ही अर्धवट माहिती आहे.

वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, तेवढं विचारून घ्या. सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) साधं ग्रीस नको, कार्बनची दाणेदार पेस्ट लावा, आणि टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) वापरा. फ्रेमवर छापलेल्या आकड्याच्या पुढे जायचं नाही. दुरुस्तीच्या स्टँडवर पकड कधीही फ्रेमच्या नळीवर लावू नका.

वंगण:
स्टीलसाठी पहिली जागा: हेडट्यूबच्या लगेच मागे, डाउनट्यूबची खालची बाजू. तिथे बोट फिरवा. फुगवटा किंवा सुरकुती लागली, रंगाला आडव्या भेगा दिसल्या, तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. रंग कितीही सुरेख असो, ती भिंतीवर टांगा.

मग गंज. बाहेरचा दिसतो, त्याची फार काळजी नको. खरा गंज आतून, बॉटम ब्रॅकेटच्या तळाशी साचलेल्या पाण्याने लागतो. ब्रॅकेट काढून टॉर्चने बघा. नुसती तांबूस पूड असेल तर साफ करून आत गंजरोधक तेल फिरवा. पापुद्रे निघत असतील तर फ्रेम सोडा. सगळं ठीक असेल तर स्टील तुम्हाला पुरून उरेल. ठरावीक मर्यादेखालच्या ताणाने ते थकत नाही आणि तडा गेला तरी बहुधा आधी कुरकुर करतं.

माझं मत विचाराल तर दगडगोट्यांच्या उतारासाठी मित्राची घ्या, तपासणीत उतरली तर. मामांची मुरमाच्या रस्त्यांसाठी आहे तशीच ठेवा. एकच ठेवायची आणि ती स्टीलचीच हवी असेल, तर आजच्या मोजमापांची स्टील हार्डटेल शोधा. थ्रू अ‍ॅक्सल (चाक आरपार धरणारा आस), डिस्क ब्रेक, ड्रॉपर पोस्टची (चालवताना सीट खाली-वर करणाऱ्या दांड्याची) सोय, सगळं मिळतं. फ्रेम अडीच किलोच्या आसपास भरते, ते मान्य करायचं.

तिसरा_गिअर:
म्हणजे स्टीलच. मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

दोनचाकी:
मामांची तपासली. हेडट्यूबजवळ स्वच्छ आहे, पण सीटपोस्ट तसूभर हलत नाही. हातोडी घेऊ का?

वंगण:
हातोडी ठेवा! अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं बिनग्रीसचा राहिला की दोन धातूंच्या सांध्यात क्षार धरतो. ब्रॅकेट काढा, सायकल उलटी करून खालून भेदक तेल सोडा आणि काही दिवस विसरून जा. मग पोस्टवर बर्फ धरा. अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त आक्रसतं, त्यामुळे पकड सैल पडते. पोस्ट मोठ्या व्हाइसमध्ये पकडून फ्रेम हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवा. एवढ्यानेही निघाला नाही तर पोस्ट कापून आतून उभा चिरावा लागतो, ते कारागिरावर सोपवा. कॉस्टिक सोड्याने पोस्ट विरघळवण्याचे व्हिडिओ दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. हायड्रोजन सुटतो आणि डोळ्यांशी खेळ होतो.

निघाल्यावर जुन्या पोस्टवर कोरलेला व्यास वाचा. या काळात २६.८, २७.०, २७.२ असे दशांशाने चुकणारे आकार असत. नवा पोस्ट 'जवळपास बसतो' म्हणून घेऊ नका.