नाताळाला कोप्यांवर काय न्यावं?

खजिनदारताई, नेवासा तालुका

सलाम सर्वांना. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, ३७ घरांची. दर नाताळाला आम्ही बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, जाऊन ब्लँकेटं आणि फराळ वाटतो. महिला मंडळाचा हिशोब पाच वर्षं माझ्याकडं आहे.

गेल्या वर्षी एका पोरीनं "बसा ना ताई" म्हणून मला आत घेतलं. सातवा महिना असावा. आमचं ब्लँकेट तिनं कोपऱ्यातल्या थप्पीवर ठेवलं. तिथं आधीच तीन होती, एकाची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. चहा ठेवायला तिनं पिठाचा डबा बाजूला सारला, तो खडखडला. रिकामा. "गावाकडं रेशन आहे आमचं," म्हणाली, "इथं सगळं विकत." मला काही बोलता आलं नाही. तिच्या घरचा चहा पिऊन परत आले.

बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आम्ही दरवर्षी वाचतो. उघड्या, भुकेल्या भावाला तोंडानं नुसतं ऊब घे, पोटभर जेव म्हणून काय उपयोग, असं तिथं स्पष्ट आहे. आम्ही ऊब दिली, तीही चौथी. यंदा २२,००० रुपये जमलेत. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, काय करू?

निवृत्त आरोग्यसेविका

ताई, तिचं रेशन तिला तुमच्या गावातही मिळतं. 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं. थोडं इथं घेतलं तरी उरलेलं गावाकडं राहिलेली सासू घेऊ शकते. प्राधान्य कार्डावर महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदयवर कुटुंबाला ३५ किलो, फुकट. आधार जोडलेलं हवं, ई-केवायसी झालेली हवी. पण घोडं अडतं ते दुकानात. तेव्हा सोबत जाऊन उभ्या राहा. एकट्या बाईला "नंतर ये" म्हणतात, तुम्हाला म्हणणं जड जाईल.

पोटुशी बाई दिसली की अंगणवाडीत आणि आशाताईकडं नाव घाला. फडावरून थेट बाळंतपणाला आलेल्या बायका मी पाहिल्यात. एकीच्या केसांत उसाचं पाचट तसंच अडकलेलं होतं, आणि आधी कुठं तपासलंय हे सांगणारा एक कागद तिच्याजवळ नव्हता.

केडगावजवळचा

पैसे एका दिवसात संपवू नका, गाळप मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून मुली घेऊन आल्या, त्या नुसतं पोटाला घालून थांबल्या नाहीत. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुलींच्या हाती दिलं. माझी पणजी तिथंच छपाईचे खिळे जुळवायला शिकली.

पाथर्डीचा मास्तर

मी ख्रिस्ती नाही. आईबाप एका कोयत्यावर, म्हणजे जोडीनं ऊसतोडीला, जायचे, मी बारा वर्षांचा होईपर्यंत कोपीत राहिलो. कोण काय वाटून गेलं ते आठवत नाही. एक बाई आठवतात. दर गुरुवारी यायच्या, हातात काही नसायचं. आईला विचारायच्या, "या आठवड्यात काय अडलं?"

आईचं अडायचं आंघोळीला. बायका पहाटे तीनला उठायच्या, दोघी साडी धरून उभ्या राहायच्या, तिसरी अंगावर पाणी घ्यायची. ट्रॅक्टरचा दिवा वळला की सगळ्या खाली बसायच्या. मी ते पाहिलंय. त्या बाईंनी चार पत्रे उभे करून न्हाणी बांधून दिली. आई अजून त्यांचं नाव काढते.

एवढंच सांगतो, पिशवीत पत्रकं घालू नका. प्रार्थना करायची तर आधी विचारा. आईनं एकदा स्वतःहून करायला सांगितली होती, भाऊ तापानं फणफणला होता तेव्हा.

खजिनदारताई, नेवासा तालुका

मास्तर, तुमचं वाचून बायबलातली रूथची गोष्ट पुन्हा काढली. ती परमुलखातली, सरवा, म्हणजे कापणीत मागं पडलेली कणसं, वेचायला आलेली. शेताचा मालक बवाज, त्यानं तिला आधी काय दिलं? गड्यांना ताकीद दिली, हिला कुणी हात लावायचा नाही. आणि तहान लागली तर घड्यातलं पाणी पी म्हणाला. पेंढ्यांतली कणसं मुद्दाम तिच्यासाठी टाकायला लावली ती नंतर. इतक्या वेळा प्रवचनात ऐकलं, हा क्रम कधी लक्षात आला नव्हता.

रविवारी उपासना झाल्यावर आम्ही तिघी रिकाम्या हातानं गेलो. सोमवारी एका बाईबरोबर रेशन दुकानात. आधी "हे कार्ड आमच्याकडचं नाही" झालं, मग अंगठा लागला आणि १५ किलो मिळालं. अजून अकरा कार्डं आहेत, त्यातल्या चारांची ई-केवायसी राहिलीय. दोन पोटुश्या बायकांची नावं अंगणवाडीत घातली.

न्हाणीसाठी पत्रे आणलेत. ज्याच्या शेताच्या बांधावर कोप्या आहेत त्यानं जागा दिली. दाराला कडी आतून हवी, असं तीन बायकांनी वेगवेगळं येऊन सांगितलं. मंगळवारी सुतार येतोय.