पुस्तकाच्या शेवटच्या टीपा आणि वर्ड: तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. बाबांनी आमच्या गावाच्या इतिहासावर लिहिलेलं हस्तलिखित छपाईला तयार करतेय. बाबा आता नाहीत. मजकूर त्यांनी हयातीतच एका टायपिंगवाल्याकडून वर्डमध्ये करून घेतला होता, सात प्रकरणं, सात फाइली, आणि एकूण २८६ टीपा. आणि या २८६ टीपांचे आकडे सगळे हाताने टाइप केलेले आहेत, म्हणजे वाक्याच्या शेवटी नुसता आकडा टाकून तो सिलेक्ट करून वर उचललेला आणि टीपा प्रकरणाच्या शेवटी साध्या परिच्छेदासारख्या. टायपिंग झाल्यावर बाबांनी मधे मधे भर घातली, काही वाक्यं काढली, आकडे मात्र तिथेच राहिले. परिणाम असा की तिसऱ्या प्रकरणात विहिरीच्या हक्काच्या १७७३-७४ च्या निवाड्याला १८७६ च्या दुष्काळाची टीप लागलीय. निवाड्याची खरी टीप दोन आकडे खाली आहे, त्यात बाबांनी 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली कालगणना) ११७४, त्यात ५९९-६०० मिळवून इसवी सन काढलाय, सगळं व्यवस्थित मांडलंय. पण वाचणाऱ्याला ते सापडणार कसं? आकडा चुकला की बाबांनी दफ्तरात बसून घालवलेली वर्षंच खोटी वाटतात, याचं मला फार वाईट वाटतं. तर ज्यांनी पुस्तकाच्या टीपांचं हे काम केलंय त्यांनी आपापले अनुभव लिहा प्लीज, कितीही बारीक असले तरी चालतील.

जुना डीटीपीवाला, पुणे

ताई, तुमच्या टायपिंगवाल्याला फार दोष देऊ नका. आम्ही पेजमेकरवर, म्हणजे पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर वाढलो आणि पेजमेकरमध्ये टीपांची सोयच नव्हती. तळटीप म्हणजे पानाच्या खाली वेगळा मजकुराचा डबा काढायचा आणि आकडा हाताने. एक ओळ वर सरकली की पुढची वीस पानं पुन्हा बघायची, म्हणून लेखकाला आम्हीच सांगायचो की टीपा प्रकरणाच्या शेवटी घ्या. मराठीत इतकी पुस्तकं तशी दिसतात त्यामागे माझ्या मते हेही एक कारण आहे. त्याच कामाच्या नव्या इनडिझाइनमध्ये तळटीपा आधीपासून होत्या पण शेवटच्या टीपा आल्या त्या सीसी २०१८ या आवृत्तीत. त्याआधी वर्डमधून फाइल घेतली की शेवटच्या टीपा साध्या मजकुरासारख्या यायच्या, आकड्याशी नातं तुटलेलं. आता जिवंत येतात. म्हणून वर्डमध्येच नीट करून द्या, पुढचा माणूस तुम्हाला दुवा देईल.

पीएचडीवाली

माझा प्रबंध पुस्तक होताना जे झालं ते सांगते. आकडे माझे ऑटोमॅटिक होते, रेफरन्सेसमध्ये जाऊन इन्सर्ट एंडनोट किंवा थेट कंट्रोल-ऑल्ट-डी, त्यामुळे आकड्यांचा त्रास शून्य. घात केला 'तत्रैव'ने, म्हणजे 'वरच्या टीपेतल्याच पुस्तकात' या अर्थाच्या शब्दाने. गाइडच्या सांगण्यावरून मी सगळीकडे 'तत्रैव, पृ. ४५' असं लिहिलं होतं आणि मग पुस्तक करताना मधे एक नवीन टीप घातली, की खालचं तत्रैव आपोआप त्या नव्या पुस्तकाकडे बोट दाखवायला लागलं. सॉफ्टवेअर आकडा बदलतं, तत्रैवचा अर्थ त्याला कळत नाही. अशा ३१ जागा मी मूळ नोंदवह्या काढून दुरुस्त केल्या, दोन महिने गेले. आता मी तत्रैव लिहितच नाही, लेखकाचं आडनाव, पुस्तकाच्या नावाचे दोन शब्द आणि पान. शिकागो मॅन्युअल या संपादनाच्या नियमपुस्तकाच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीनेही हाच सल्ला दिलाय. ताई, बाबांच्या टीपांत तत्रैव असतील तर आकड्यांना हात लावायच्या आधी, मूळ क्रम शाबूत असतानाच ते सगळे उलगडून पूर्ण लिहून घ्या. हे आधी करा, बाकी सगळं नंतर.

बंगळुरूहून

गूगल डॉक्सवर लिहिणाऱ्यांसाठी एवढंच की तिथे तळटीप आहे, शेवटची टीप नाही. मी अख्खा अनुवाद तिथे केला, तळटीपा टाकल्या, मग वर्डची फाइल उतरवून टीपांच्या डायलॉगमधलं कन्व्हर्ट वापरलं आणि सगळ्या एका झटक्यात शेवटी गेल्या. आकडे मात्र छोट्या रोमनमध्ये आले, कारण शेवटच्या टीपांना वर्ड तेच देतं. त्याच डायलॉगमध्ये नंबर फॉरमॅट बदलता येतो.

श्रीलिपीतून आलेला

आमच्या संस्थेच्या स्मरणिकेचा मजकूर जुन्या फाँटमध्ये होता आणि तो युनिकोडमध्ये आणायचा होता. मजकूर कॉपी करून कन्व्हर्टरमध्ये टाकला, युनिकोड झालेला परत आणून वर्डमध्ये चिकटवला आणि ६०-७० टीपा गायब!! आकडाही नाही आणि टीपही नाही. टीप ही मजकुराच्या आत एक खूण असते, साधा मजकूर म्हणून नेला की ती खूण गळून पडते. वर्डच्या वर्डमध्येसुद्धा कीप टेक्स्ट ओन्लीने पेस्ट केलंत तरी तेच होतं. मूळ फाइल ठेवली होती म्हणून वाचलो. जुन्या फाइलची प्रिंट काढली, शेजारी ठेवली आणि चार संध्याकाळी बसून प्रत्येक टीप नव्याने घातली. आणि हो, रूपांतरानंतर टीपांमधले 'ऱ्य' तपासा, 'सुभेदाऱ्या'चं 'सुभेदार्या' झालेलं असतं, आणि टीपांतली नावं कुणी परत वाचत नाही त्यामुळे ती चूक छापून येते.

मुद्रितशोधक

मी गेली बरीच वर्षं पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी सातही प्रकरणं एका फाइलमध्ये आणा आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सेक्शन ब्रेक टाका, नेक्स्ट पेजवाला. नुसता पेज ब्रेक चालत नाही, वर्डला प्रकरण कुठे संपलं ते सेक्शनवरूनच कळतं. मग टीपांच्या डायलॉगमध्ये एंड ऑफ सेक्शन आणि रिस्टार्ट ईच सेक्शन निवडा आणि ते होल डॉक्युमेंटला लावा, म्हणजे प्रत्येक प्रकरणाच्या टीपा त्याच्या मागे, १ पासून.

पण सगळ्या टीपा पुस्तकाच्या शेवटी एकत्र आणि त्यांच्याही मागे सूची हवी असेल तर लोक अडकतात, कारण एंड ऑफ डॉक्युमेंट ठेवलं की टीपांच्या मागे वर्ड काहीच येऊ देत नाही, सूची कायम टीपांच्या वरच बसते. यावर मी वर्षभर हाताने कट-पेस्ट करत होते, एका सहकाऱ्याने दाखवलं तेव्हा सुटलं. एंड ऑफ सेक्शनच ठेवायचं, आणि पेज सेटअपच्या लेआउटमध्ये सप्रेस एंडनोट्स म्हणून एक चौकोन आहे तो प्रत्येक प्रकरणाच्या सेक्शनला टिक करायचा. टिक केली की त्या सेक्शनच्या टीपा पुढच्या सेक्शनवर ढकलल्या जातात. शेवटच्या प्रकरणानंतर 'टीपा' असा एक सेक्शन करा, त्याला टिक नाही, सगळ्या तिथे येऊन थांबतात. त्याच्या मागे परत सेक्शन ब्रेक आणि सूची.

आता तिथे प्रकरणांची शीर्षकं वर्ड आपणहून देत नाही, १ ते ४०, परत १ ते ३५ असं सलग येतं, वाचक हरवतो. मी आधीच्या प्रकरणाच्या शेवटच्या टीपेच्या शेवटी एंटर मारून पुढच्या प्रकरणाचं नाव टाकते. फक्त ते शीर्षक त्या टीपेचाच भाग असतं, नंतर प्रकरणात आणखी एक टीप शेवटी आली तर ती शीर्षकाच्या खाली जाऊन दुसऱ्या प्रकरणाची वाटते. म्हणून शीर्षकं अगदी शेवटच्या दिवशी.

मराठीचा एक खास त्रास, टीपांचा टाइप लहान करायला एंडनोट टेक्स्ट स्टाइलमध्ये साइज १० केली आणि काहीच हललं नाही असं होतं. देवनागरी वर्डच्या लेखी कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट आहे, तिचा फाँट आणि साइज वेगळी. स्टाइल मॉडिफाय करा, फॉरमॅट, मग फाँट, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स म्हणून खालचा रकाना आहे तो भरा.

फोंड्याहून

वर्ड नसेल त्यांनी लिब्रेऑफिस बिनधास्त वापरावं, मी वापरतो. तिथे टीपा मुळातच कागदपत्राच्या शेवटी वेगळ्या पानावर जातात. प्रकरणवार हव्या तर प्रत्येक प्रकरणाला इन्सर्टमधून सेक्शन करून त्याच्या टीपांच्या टॅबमध्ये कलेक्ट ॲट एंड ऑफ सेक्शन करावं लागतं. एकच विनंती, फाइल रोज वर्ड आणि लिब्रे अशी इकडून तिकडे फिरवू नका.

नवीन लेखक

टीप काढायची असेल तर खालचा मजकूर खोडू नका, वर वाक्यातला आकडा खोडा. मी खालून खोडत होतो आणि रिकामे आकडे शिल्लक राहत होते, ते का जात नाहीत म्हणून आठवडाभर हैराण होतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पीएचडीवाल्या ताईंचं ऐकून आधी तत्रैव उलगडले, ५२ निघाले. आता तिसऱ्या प्रकरणापर्यंत टीपा नव्याने घालून झाल्यात. फाइंडमध्ये कॅरटचं चिन्ह (^) आणि लगेच छोटा ई टाकला की एकेका टीपेवर जाता येतं, तसं जाऊन बाबांच्या वहीशी ताडून बघतेय. देवनागरी आकडेही मिळाले, ऑफिसच्या लँग्वेजमध्ये हिंदी ॲड केल्यावर माझ्याकडे नंबर फॉरमॅटच्या यादीत १, २, ३ दिसायला लागले.

दोन टीपा मात्र अशा निघाल्या की ज्यांचा आकडा मजकुरात कुठेच नाही. एकीत लिहिलंय 'ही हकीकत आईकडून, १९८२ च्या दिवाळीत ऐकली'. वहीत बघितलं तेव्हा कळलं की ते वाक्य टाइप करतानाच गळलंय, पाटावरच्या पहिल्या मोटेचं, ते परत घातलं आणि पुढे कंट्रोल-ऑल्ट-डी दाबलं. दुसरीत फक्त 'धोंडीचा माळ, पूर्व बांध' एवढंच आहे, वहीतही नाही. ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवलीय. गावी काका आहेत, पुढच्या महिन्यात जाणार आहे तेव्हा त्यांना बांध दाखवायला सांगते.